गिऱ्हाइकाशी बोलणे : लहान व्यावसायिक आणि समाजमाध्यमे

लहान व्यवसायाची सरकारी व्याख्या पैशांत मोजली जाते. १ एप्रिल २०२५ पासून लागू झालेल्या निकषांनुसार यंत्रसामग्रीतील गुंतवणूक अडीच कोटी रुपयांपर्यंत आणि वार्षिक उलाढाल १० कोटी रुपयांपर्यंत असलेला उद्योग ‘सूक्ष्म’ ठरतो, तर २५ कोटींची गुंतवणूक आणि १०० कोटींची उलाढाल या मर्यादेपर्यंतचा उद्योग ‘लघु’ म्हणून ओळखला जातो. प्रस्तुत प्रकरणाला ही मोजपट्टी उपयोगाची नाही. येथे लहान व्यावसायिक म्हणजे असा माणूस, की जो स्वतःच मालक, विक्रेता, हिशेबनीस आणि तक्रार ऐकणारा असतो. उदाहरणार्थ, देवगडचा आंबा बागायतदार, येवल्याचा पैठणी विणकर, पेणचा गणेशमूर्तिकार, डोंबिवलीत दिवाळीचा फराळ करून विकणारी गृहिणी किंवा कोथरूडमधील खानावळवाला. यांच्यापैकी कोणाकडेही जाहिरात विभाग नसतो आणि जाहिरातीसाठी वेगळी रक्कम बाजूला काढण्याची पद्धतही सहसा नसते. मात्र मोठ्या कंपनीला कितीही खर्च करून न मिळणारी एक गोष्ट त्यांच्याकडे आयतीच असते, ती म्हणजे गिऱ्हाइकाने विचारलेल्या प्रश्नाला प्रत्यक्ष माल बनवणारा माणूस उत्तर देऊ शकतो. समाजमाध्यमांचा लहान व्यवसायाला होणारा खरा उपयोग या एका गोष्टीत आहे, आणि प्रसिद्धीच्या मागे लागून तोच बहुतेक वेळा हातचा घालवला जातो.

समाजमाध्यम म्हणजे असे माध्यम, की ज्यावर मजकूर टाकणारा आणि वाचणारा यांच्यात कायमची विभागणी नसते. जो वाचतो तो उत्तर देऊ शकतो, हरकत घेऊ शकतो आणि तो मजकूर पुढे पाठवू शकतो. वर्तमानपत्रातील छोटी जाहिरात, एसटी स्थानकाच्या भिंतीवर रंगवलेले दुकानाचे नाव, १९६७ पासून विविध भारतीवर सुरू झालेल्या व्यापारी जाहिराती किंवा दुकानदाराने वर्षाअखेरीस फुकट वाटलेली दिनदर्शिका ही सगळी साधने याच्या उलट, म्हणजे एकमार्गी होती. पुणेरी पाटी हा या एकमार्गी संवादाचा कळस म्हणता येईल; ती थोडक्यात, नेमके आणि अनेकदा मार्मिक बोलते, परंतु पाटीला उलट विचारण्याची सोय नसते आणि ती लावणाऱ्याचीही तशी अपेक्षा नसते. आज फेसबुकचे पान किंवा इन्स्टाग्रामचे खाते उघडणारे अनेक व्यावसायिक प्रत्यक्षात एक पाटीच लावत असतात: वर दुकानाचे नाव, खाली फोन क्रमांक, सणासुदीला शुभेच्छांचे चित्र, आणि त्याखाली आलेल्या प्रश्नांना उत्तर नाही.

ग्राहकाशी लिहून बोलण्याची ही कल्पना महाराष्ट्राला नवी नाही. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी लोखंडी नांगर बनवला, तेव्हा लोखंडाने जमिनीत विष कालवले जाईल अशी शेतकऱ्यांची समजूत होती आणि त्यामुळे सुमारे दोन वर्षे नांगर विकला गेला नाही. मालात खोट नव्हती. खरेदीदाराच्या मनातील शंकेला कोणी उत्तर दिले नव्हते, ही खरी अडचण होती. पुढे १९२० मध्ये किर्लोस्करवाडीहून ‘किर्लोस्कर खबर’ हे नियतकालिक निघू लागले. शं. वा. किर्लोस्कर यांच्या संपादनाखालील हे पत्र कारखाना आणि त्याचे ग्राहक यांच्यातील दुवा म्हणून सुरू झाले, त्यात हळूहळू सर्वसाधारण वाचकाला रस वाटेल असा मजकूर येऊ लागला आणि शेवटी त्याचे रूपांतर मराठीतील एका प्रतिष्ठित मासिकात झाले. आज ज्याला ‘कंटेंट मार्केटिंग’ म्हणतात, म्हणजे वस्तू घ्या असे न सांगता ग्राहकाला उपयोगी मजकूर देत राहायचे आणि त्यातून विश्वास कमवायचा, ते तंत्र सांगली परिसरातील एका कारखान्याने शंभर वर्षांपूर्वी वापरले होते. फरक इतकाच, की त्यासाठी छापखाना, कागद आणि टपाल लागत असे. आता एक फोन पुरतो.

हा फोन व्यवसायाचे साधन झाला तो तीन घटना लागोपाठ घडल्यामुळे. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओची सेवा सुरू झाल्यानंतर मोबाइलवरील डेटाचे दर कोसळले आणि छायाचित्र किंवा चित्रफीत पाठवणे गावखेड्यातही परवडू लागले. त्याच वर्षी आलेल्या यूपीआय या पैसे देण्याच्या पद्धतीमुळे अनोळखी गिऱ्हाइकाकडून आगाऊ रक्कम घेणे सोपे झाले. आणि जानेवारी २०१८ मध्ये व्हॉट्सअ‍ॅपने व्यावसायिकांसाठी वेगळे, विनामूल्य अ‍ॅप आणले, ज्यात दुकानाचा पत्ता, वेळ आणि पुढे २०१९ पासून मालाची सचित्र यादीही ठेवता येऊ लागली. दाखवणे, विचारणे आणि पैसे देणे या तिन्ही क्रिया एकाच पडद्यावर आल्या, आणि हे घडले नसते तर बाकीच्या चर्चेला अर्थ उरला नसता.

आंब्याची पेटी आणि तिच्याभोवतीचा संवाद

या बदलाचे सर्वांत बोलके उदाहरण कोकणातील हापूसच्या विक्रीत सापडते. पूर्वापार पद्धतीत बागायतदार आंबा उतरवतो, पेट्या भरतो आणि त्या वाशीच्या बाजार समितीत दलालाकडे पाठवतो. काही दिवसांनी त्याच्या हाती पट्टी येते, म्हणजे मिळालेला भाव आणि त्यातून कापलेली वाहतूक, हमाली इत्यादींचा हिशेब. या साखळीत माल आणि पैसा दोन्ही फिरत असत, पण माहिती फिरत नसे. आंबा कोणी खाल्ला, त्याला तो आवडला की नाही आणि पुढच्या वर्षी तो पुन्हा घेईल का, हे बागायतदाराला कधी कळत नसे, आणि खाणाऱ्यालाही फळ कोणाच्या बागेतले हे ठाऊक नसे. जुलै २०१६ मध्ये राज्य सरकारने फळे व भाजीपाला बाजार समित्यांच्या नियमनातून मुक्त केल्यावर थेट विक्रीची वाट अधिक मोकळी झाली, आणि मार्च २०२० मध्ये ऐन हंगामाच्या तोंडावर टाळेबंदी लागल्यावर अनेक बागायतदारांना ती वाट धरण्यावाचून गत्यंतर उरले नाही. मुंबई-पुण्यातील गृहनिर्माण संस्थांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर मागणी गोळा होऊ लागली, ठरावीक पेट्या भरल्या की गाडी निघू लागली आणि माल संस्थेच्या फाटकाशी उतरू लागला.

येथे बागायतदाराला एक असे काम करावे लागले, जे त्याच्या आधीच्या पिढीने कधी केले नव्हते. दलालाला आंबा समजावून सांगावा लागत नाही, खाणाऱ्याला लागतो. पेटीतील फळ कच्चे असते, ते घरी गवताच्या अढीत काही दिवस ठेवून पिकवायचे असते, पिकण्याआधी ते फ्रिजमध्ये ठेवू नये आणि साल किंचित सुरकुतली म्हणजे फळ खराब झाले असे नव्हे, या गोष्टी कोकणी घरात कोणी कोणाला शिकवत नाही. परंतु पुण्यात चौथ्या मजल्यावर राहणाऱ्या कुटुंबाने पेटी उघडली आणि हिरवीगार फळे पाहिली, की फसवणूक झाल्याची भावना मनात येते आणि तसा संदेश लगेच येतो. ज्या बागायतदाराने पेटी निघतानाच या चार सूचना आपल्या आवाजात किंवा लिहून पाठवलेल्या असतात, त्याच्याकडे असे संदेश फारसे येत नाहीत. व्हॉट्सअ‍ॅपच्या व्यावसायिक अ‍ॅपमध्ये ‘क्विक रिप्लाय’ नावाची सोय आहे, म्हणजे वारंवार द्यावे लागणारे उत्तर एकदा लिहून ठेवायचे आणि एका खुणेने ते पाठवायचे. ती नेमकी अशाच कामासाठी आहे. गिऱ्हाइकांना ‘नवीन’, ‘पैसे बाकी’, ‘माल पोहोचला’ अशा पट्ट्या लावण्याचीही तेथे सोय असते, पण ती वापरणारे थोडे.

याहून अवघड प्रश्न साक्याचा. साका हा हापूसच्या गरातील दोष असून त्यामुळे आतला काही भाग पांढरट, भुसभुशीत आणि आंबट होतो. बाहेरून मात्र फळ निर्दोष दिसते, त्यामुळे कापेपर्यंत विकणाऱ्यालाही तो कळत नाही. जो विक्रेता ‘आमच्या बागेत साका नसतोच’ असे जाहीर करतो, तो पहिल्याच तक्रारीला खोटा पडतो. उलट जो आधीच सांगतो, की हापूसमध्ये असे एखादे फळ निघू शकते, निघाल्यास छायाचित्र पाठवावे आणि त्या फळाची भरपाई पुढच्या पेटीत केली जाईल, त्याच्या तोंडून तोच दोष विश्वासाचे कारण बनतो. व्यापाराच्या अनेक पुस्तकांत तक्रार निवारणाला शेवटचे पान मिळते. थेट विक्रीत ते पहिले पान असले पाहिजे, कारण गटावरील एका नाराज गिऱ्हाइकाचे छायाचित्र त्या संस्थेतील प्रत्येक घरात पोहोचते आणि त्याखाली बागायतदाराने दिलेले उत्तरही तितक्याच घरांत वाचले जाते.

तिसरा प्रश्न अस्सलपणाचा. ऑक्टोबर २०१८ मध्ये ‘हापूस’ला भौगोलिक मानांकन मिळाले, म्हणजे रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या जिल्ह्यांतील आंब्यालाच ते नाव वापरण्याचा कायदेशीर हक्क मिळाला, तरीही परप्रांतातील फळ देवगडच्या नावाच्या खोक्यात घालून विकण्याचा प्रकार थांबला नाही. त्यावर उपाय म्हणून देवगड तालुका आंबा उत्पादक सहकारी संस्थेने २०२५ च्या हंगामात प्रत्येक फळावर स्वतंत्र क्रमांकाची, काढून पुन्हा लावता न येणारी चिठ्ठी चिकटवण्याची पद्धत आणली आणि तिच्या छायाचित्रावरून व्हॉट्सअ‍ॅपद्वारे पडताळणी करण्याची व्यवस्था केली. शंका घेण्याचा गिऱ्हाइकाचा हक्क येथे गृहीत धरला आहे. ‘१०० टक्के अस्सल’ असे मोठ्या अक्षरांत लिहिण्यापेक्षा तपासण्याचे साधन हाती देणे कितीतरी परिणामकारक असते, आणि ही गोष्ट पैठणीच्या पदराची उलटी बाजू दाखवणाऱ्या विणकरालाही तितकीच लागू पडते, कारण हातमागावरील अस्सल नक्षी मागच्या बाजूनेही जवळजवळ तशीच दिसते आणि यंत्रमागावरच्या नकलेत मागे सुटलेले धागे लोंबतात.

पोहोच आणि तिची किंमत

समाजमाध्यमांच्या परिभाषेत ‘रीच’ म्हणजे पोहोच, अर्थात एखादा मजकूर किती वेगवेगळ्या लोकांच्या पडद्यावर आला ती संख्या. ‘एंगेजमेंट’ म्हणजे त्यातील किती जणांनी त्याला काही प्रतिसाद दिला ते प्रमाण. आणि ‘कन्व्हर्जन’ म्हणजे त्यातून प्रत्यक्ष झालेली विक्री किंवा नोंदणी. या तीन संख्या एकामागोमाग लहान होत जातात आणि गल्ल्यात फक्त शेवटची पडते, तरी चर्चा मात्र बहुधा पहिलीचीच होते. कोणता मजकूर कोणाला दाखवायचा हे ‘अल्गोरिदम’ ठरवतो, म्हणजे वापरणाऱ्याच्या आधीच्या वागणुकीवरून पुढचा मजकूर निवडणारी संगणकीय नियमावली. जानेवारी २०१८ मध्ये फेसबुकने ही नियमावली बदलून मित्र आणि कुटुंबीय यांच्या मजकुराला झुकते माप दिले, आणि व्यवसायांच्या पानांची फुकटची पोहोच घटली. ज्यांनी काही वर्षे खपून हजारो अनुयायी जमवले होते, त्यांना आपल्याच अनुयायांपर्यंत पोहोचण्यासाठी पैसे भरण्याची वेळ आली.

समाजमाध्यमावरील आपली जागा भाड्याची असल्याचा याहून कठोर अनुभव २९ जून २०२० रोजी आला. त्या दिवशी केंद्र सरकारने टिकटॉकसह ५९ चिनी अ‍ॅपवर बंदी घातली आणि त्यावर जम बसवलेल्या असंख्य ग्रामीण कलावंतांचा व विक्रेत्यांचा प्रेक्षकवर्ग एका रात्रीत नाहीसा झाला. पुढच्याच महिन्यात इन्स्टाग्रामने भारतात ‘रील्स’ आणून ती पोकळी भरली खरी, पण जुने अनुयायी बरोबर आणता आले नाहीत. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सअ‍ॅप ही तिन्ही माध्यमे जगभर सुमारे सहा तास बंद पडली, तेव्हा ज्यांच्या मागण्यांची नोंद केवळ फोनमधील संभाषणात होती त्यांना आज कोणाकडे माल द्यायचा हेसुद्धा कळेना. म्हणून गिऱ्हाइकाचे नाव, क्रमांक, गाव आणि त्याने काय घेतले याची यादी स्वतःच्या वहीत किंवा संगणकावर असावी. अनुयायी त्या त्या कंपनीच्या मालकीचे असतात; व्यावसायिकाच्या मालकीची असते ती ही यादी.

यादी हाती असली म्हणजे व्हॉट्सअ‍ॅपच्या ‘ब्रॉडकास्ट’ सोयीला अर्थ येतो. गटात टाकलेला संदेश सर्वांना एकत्र दिसतो, तर ब्रॉडकास्टने पाठवलेला तोच संदेश प्रत्येकाला स्वतंत्रपणे, जणू त्याच्यासाठीच लिहिल्याप्रमाणे मिळतो आणि त्याचे उत्तरही खासगी राहते. एका यादीत २५६ जणांपर्यंत नावे घालता येतात. मात्र ज्याने विक्रेत्याचा क्रमांक आपल्या फोनमध्ये जतन केलेला असेल, त्यालाच तो संदेश पोहोचतो. ही अट अनेकांना ठाऊक नसते आणि संदेश जात असूनही मागणी का येत नाही याचे कोडे त्यांना पडते. पहिली विक्री झाल्यावर ‘हा क्रमांक जपून ठेवावा, पुढच्या हंगामाची खबर यावर मिळेल’ एवढी विनंती करणे हे म्हणून कोणत्याही रीलपेक्षा मोलाचे. अर्थात ज्याने संमती दिलेली नाही त्याला संदेश पाठवत राहिल्यास लोक क्रमांक अडवतात, तक्रार नोंदवतात आणि अशा तक्रारी वाढल्यास कंपनी तो क्रमांकच बंद करू शकते. कुठून तरी विकत घेतलेल्या क्रमांकांच्या याद्या या कारणाने निरुपयोगीच नव्हेत तर घातक ठरतात.

पैसे भरून केलेली जाहिरात टाकाऊ असते असा याचा अर्थ नाही. तिचा हिशेब मात्र शेवटच्या संख्येवरून करावा लागतो. समजा, एखाद्या बागायतदाराने पुण्यातील ठरावीक परिसरापुरती २,००० रुपयांची जाहिरात दिली. तीवर १८ टक्के जीएसटी धरून २,३६० रुपये गेले. ६० जणांनी विचारपूस केली आणि त्यांतील आठ जणांनी एकेक पेटी घेतली. म्हणजे एका मागणीमागे २९५ रुपये खर्च झाले. वाहतूक वजा जाता एका पेटीमागे ४०० रुपये सुटत असतील, तर पहिल्या वर्षी हाती पेटीमागे १०५ रुपये राहतात, जे फार उत्साहवर्धक नाही. परंतु त्या आठांपैकी तिघांनी पुढच्या वर्षी आपणहून दोन-दोन पेट्या मागवल्या, तर त्या सहा पेट्यांचे २,४०० रुपये जाहिरातीचा एक पैसाही न खर्चता मिळतात. नव्या गिऱ्हाइकावरचा खर्च जुन्या गिऱ्हाइकाकडून भरून निघतो, आणि ज्याच्याकडे जुने गिऱ्हाईक टिकत नाही त्याला कितीही जाहिरात परवडत नाही.

अचानक मिळणारी प्रसिद्धी हा आणखी निराळा प्रकार. जून २०२५ मध्ये प्राडा या इटालियन कंपनीने मिलान येथील प्रदर्शनात कोल्हापुरी चपलेसारख्या वहाणा दाखवल्या, मूळ कारागिरांचा उल्लेख केला नाही, आणि त्यावरून समाजमाध्यमांवर इतका गदारोळ झाला की कंपनीला या पादत्राणांमागील भारतीय प्रेरणा मान्य करावी लागली. २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेल्या या चपलेची एवढी चर्चा कोणत्याही कारागिराला पैसे देऊन घडवून आणता आली नसती. पण अशी चर्चा काही आठवडेच टिकते, आणि त्या काळात शोधत येणाऱ्या माणसाला ज्याच्या खात्यावर पायाचे माप कसे घ्यावे, चामडे कोणते, किंमत किती आणि माल किती दिवसांत मिळेल हे लिहिलेले सापडते, त्यालाच तिचा लाभ होतो.

मजकूर, भाषा आणि वेळ

काय लिहावे या प्रश्नाचे उत्तर गिऱ्हाईक काय विचारते यात आधीच दडलेले असते. एका महिन्यात आलेल्या प्रश्नांची नोंद ठेवली तर त्यांतील बहुतेक भाव, माप, टिकण्याची मुदत आणि पोहोचवण्याची सोय याच चार गोष्टींभोवती फिरतात असे आढळते. तरीसुद्धा मराठी व्यावसायिकांच्या खात्यांवर ‘किमतीसाठी इनबॉक्समध्ये यावे’ ही ओळ जागोजाग दिसते. प्रतिस्पर्ध्याला भाव कळू नये हा तिचा हेतू. प्रत्यक्षात प्रतिस्पर्धी गिऱ्हाईक बनून भाव विचारतोच आणि खरे गिऱ्हाईक मात्र संकोचाने निघून जाते. भाव लपवलेला दिसला की तो जास्तच असणार, असे मराठी मध्यमवर्गीय मन धरून चालते, आणि या बाबतीत ते सहसा चुकतही नाही.

भाषेबाबत एक चमत्कारिक विसंगती आढळते. दुकानात गिऱ्हाइकाशी अस्सल कोल्हापुरी किंवा वऱ्हाडी ढंगात बोलणारा माणूस समाजमाध्यमावर आला की त्याची भाषा एकदम छापील आणि परकी होते: ‘आमच्या प्रीमियम दर्जाच्या उत्पादनांचा अनुभव घ्या’. हे वाक्य चकलीलाही लागू पडते आणि चपलेलाही, म्हणूनच ते कशालाच लागू पडत नाही. ‘भाजणी घरच्या जात्यावर दळलेली, चकली तीन आठवडे कुरकुरीत राहते, पाव किलोत साधारण किती बसतात ते छायाचित्रात पाहावे’ या साध्या सांगण्यात तपशील आहे, आणि तपशीलच विश्वास निर्माण करतो. सणाच्या शुभेच्छांची तयार चित्रे आपले नाव घालून पाठवण्याने मात्र काहीही साधत नाही. त्या दिवशी प्रत्येक फोनवर तशी शेकडो चित्रे येऊन पडतात आणि न पाहताच पुसली जातात.

वेळेचे गणित मालावर अवलंबून असते. फराळ परदेशातील मराठी कुटुंबांना पाठवायचा असेल, तर बांधणी, कुरिअर आणि जकात तपासणी यांचा कालावधी धरून दिवाळीआधी महिना-दीड महिना बोलणी सुरू व्हावी लागतात, त्यामुळे पितृपक्षातच फराळाची यादी बाहेर पडणे यात काही वावगे नाही. पेणच्या मूर्तिकारांकडे गणेशोत्सवाच्या कितीतरी महिने आधी मागणी नोंदली जाते, परदेशी जाणाऱ्या मूर्ती तर जहाजाने बऱ्याच आधी रवाना होतात. तेव्हा त्यांची खरी वेळ उत्सवाची नसून त्याआधीच्या उन्हाळ्याची आहे. खानावळवाल्याला मात्र सकाळी साडेदहाला आजची भाजी कोणती हे सांगितले की पुरे.

छायाचित्रणासाठी महाग फोन लागत नाही. दिवसाचा उजेड, साधी पार्श्वभूमी आणि मापासाठी शेजारी ठेवलेली ओळखीची वस्तू एवढे पुरते. चित्रफितीत गाजलेले चित्रपटगीत वापरण्याचा मोह मात्र टाळावा, कारण इन्स्टाग्रामवरील व्यावसायिक खात्यांना अशी गाणी वापरण्याची मुभा मर्यादित असते आणि हक्कदाराने हरकत घेतल्यास ध्वनी बंद केला जातो किंवा चित्रफीतच काढली जाते. करवतीचा, मागाचा किंवा कढईचा मूळ आवाज ठेवला तर हा प्रश्नच येत नाही, आणि ऐकणाऱ्यालाही तोच अधिक भावतो.

नकाशावरील नोंद

ज्याच्याकडे गिऱ्हाईक चालत येते, त्या दुकानासाठी गूगलवरील व्यवसायाची नोंद ही इन्स्टाग्रामपेक्षा महत्त्वाची असते; तिला फार जण गंभीरपणे घेत नाहीत हे दुर्दैव. ही नोंद विनामूल्य असून तीत नाव, पत्ता, वेळ, सुट्टीचा वार, फोन आणि छायाचित्रे देता येतात. जवळपास शोधणाऱ्याला कोणते दुकान आधी दाखवायचे हे गूगल मुख्यतः तीन गोष्टींवरून ठरवते: शोधलेल्या शब्दाशी व्यवसायाचा संबंध, शोधणाऱ्यापासूनचे अंतर आणि त्या व्यवसायाची एकंदर ख्याती. अंतर बदलता येत नाही, पण उरलेल्या दोन्ही गोष्टी बिनचूक माहितीवर आणि ग्राहकांनी लिहिलेल्या अभिप्रायांवर अवलंबून असतात. नाव मराठीत आणि रोमन लिपीत एकाच पद्धतीने लिहिलेले असावे, आणि दुपारी दुकान बंद राहत असेल तर तेही लिहावे. बंद दारापर्यंत येऊन परतलेले गिऱ्हाईक बहुधा एक तारा देऊन राग काढते. खोटे अभिप्राय लिहवून घेण्याचा धंदा जोरात असला, तरी भारतीय मानक ब्युरोने २०२२ मध्ये ऑनलाइन अभिप्रायांसाठी स्वतंत्र मानक प्रसिद्ध केले आहे आणि वाचकांनाही आता एकाच आठवड्यात आलेली वीस गोडगोड वाक्ये ओळखता येतात. वाईट अभिप्रायाला दिलेले शांत, नेमके उत्तर त्यापेक्षा जास्त कामाला येते.

कायदा आणि सावधगिरी

कायद्याच्या दृष्टीने समाजमाध्यमावरील मजकूर ही जाहिरातच असते. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल १० लाख रुपयांपर्यंत आणि पुन्हा तसे केल्यास ५० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो, त्यामुळे लोणच्याने मधुमेह बरा होतो असे लिहिणाऱ्याने विनोद म्हणून लिहिले ही सबब चालणार नाही. पैसे किंवा वस्तू देऊन एखाद्या लोकप्रिय व्यक्तीकडून शिफारस करवून घेतली असेल, तर ती जाहिरात असल्याचे तिने स्पष्ट सांगितले पाहिजे, असे अ‍ॅडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्स कौन्सिलची २०२१ ची मार्गदर्शक तत्त्वे आणि त्यानंतरची केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाची तत्त्वे सांगतात. खाद्यपदार्थ विकणाऱ्याला अन्नसुरक्षा प्राधिकरणाची नोंदणी किंवा परवाना घ्यावा लागतो. घरगुती फराळही त्याला अपवाद नाही, आणि तो १४ अंकी क्रमांक खात्यावर दिसणे हीच एक जाहिरात ठरते.

फसवणुकीचा धोका विक्रेत्यालाही तितकाच असतो. पैसे पाठवल्याचे बनावट चित्र दाखवून माल उचलणे, किंवा ‘पैसे जमा होण्यासाठी हा क्यूआर कोड स्कॅन करून पिन टाका’ असे सांगून खात्यातील रक्कम काढून घेणे हे नेहमीचे प्रकार आहेत. यूपीआयमध्ये पैसे मिळवण्यासाठी पिन कधीच टाकावा लागत नाही, आणि रक्कम जमा झाली की नाही हे समोरच्याच्या पडद्यावर नव्हे, तर स्वतःच्या खात्यात पाहायचे असते. फसवणूक झाल्यास १९३० या क्रमांकावर तातडीने तक्रार करावी, कारण पहिल्या काही तासांतच रक्कम गोठवता येण्याची शक्यता सर्वाधिक असते.

एवढे सांगितल्यावरही एक गोष्ट मोकळेपणाने मान्य करावी लागते: प्रत्येक व्यवसायाला समाजमाध्यमांची गरज नसते. चाकण किंवा भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत मोठ्या कारखान्यांसाठी सुटे भाग बनवून देणाऱ्या कारागिराचे गिऱ्हाईक तीन किंवा चार असतात, ते त्याला नावाने ओळखतात आणि त्यांना मापातील अचूकपणा व दिलेल्या तारखेला मिळणारा माल यांखेरीज काही नको असते. त्याने केवळ सगळे करतात म्हणून रोज रील बनवत बसणे म्हणजे कामाच्या तासांची नासाडी होय. त्याने गूगलवरील आपली नोंद बिनचूक ठेवावी, आलेला फोन उचलावा, माल उशिरा जाणार असेल तर तसे आदल्या दिवशीच कळवावे आणि उरलेला वेळ यंत्रावर घालवावा.